आवाजाला भुलू नका!

मित्रांनो, ट्रेनर विमान बनवायचं ठरलं की होस्टेलवर लगेच टूम निघते, '.60 चंच इंजिन घेऊ, काय आवाज येतो!' मला हे पटत नाही. ट्रेनरला .40 घनइंचाचं, म्हणजे साडेसहा सीसीचं ग्लो इंजिन पुरतं. पण आपली कुंभारी पडली साडेचारशे मीटर उंचीवर, त्यात मे महिन्यात पारा 42 वर. हिशोब करून बघा, हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा 13 टक्के कमी भरते, साधारण तेवढीच ताकदही घटते. म्हणून .46 घ्या, वजन जवळपास तेच. .60 घेतलं की नाक जड, मग शेपटीत शिसं भरा, आणि लँडिंगला विमान सुसाट!

आणि हो, इंधनातलं मिथेनॉल विषारी असतं, त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. कॅन कॉटखाली नको, सरांना सांगून वर्कशॉपच्या कुलपात ठेवूया.