विम्याच्या तराजूत मनाचे वजन कमी का?

पेंडल हिलहून पॅरामॅटाच्या दिशेने निघालेल्या गाडीचे दुसरेच स्थानक वेस्टमीड. तेथील मोठे सार्वजनिक रुग्णालय सर्वांना ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मनोरुग्णांना आश्रय देणारे कंबरलँड रुग्णालयही त्याच्या जवळच उभे आहे. शरीराचा आणि मनाचा उपचार येथे हाकेच्या अंतरावर होतो. विम्याच्या कागदावर मात्र या दोहोंतील अंतर अजूनही मोठे आहे.

परदेशस्थ मराठी कुटुंबात सहसा दोन विमा पॉलिसींचा संसार असतो. एक इथल्या चौकोनी कुटुंबाची, दुसरी पुण्या-नाशिकला राहणाऱ्या आईवडिलांची, जिचा हप्ता मुले इथून भरतात. गुडघा, हृदय, मोतीबिंदू यांचे संरक्षण बारकाईने तपासले जाते. नैराश्य किंवा दारूचे व्यसन यांची ओळ कोणी वाचत नाही. वाचावी लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

गोल्डचा दरवाजा

ऑस्ट्रेलियात एप्रिल २०१९ पासून खासगी रुग्णालयीन विम्याच्या गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ आणि बेसिक अशा चार श्रेणी आहेत. मानसिक आजार आणि व्यसन यांवरील रुग्णालयीन उपचार एकाच वर्गात धरले जातात, ही येथील व्यवस्थेची जमेची बाजू. परंतु या वर्गाला पूर्ण संरक्षण देण्याचे बंधन केवळ गोल्ड श्रेणीवर आहे. खालच्या तिन्ही श्रेणींत ते ‘मर्यादित’ ठेवण्याची मुभा कंपन्यांना आहे. मर्यादित म्हणजे विमा कंपनी किमान ठरलेली रक्कम देते आणि खासगी मनोरुग्णालयाच्या बिलाचा मोठा भाग कुटुंबावर पडतो. सिल्व्हर पॉलिसीत हृदयविकाराच्या उपचाराला पूर्ण संरक्षण अनिवार्य आहे, पण त्याच पॉलिसीत तीव्र नैराश्याला तसे नाही. असमानता म्हणतात ती हीच.

यातून एक दुष्टचक्रही निर्माण होते. ज्यांना उपचारांची गरज जवळ दिसते तेच गोल्ड घेतात, त्यामुळे दावे वाढतात, हप्ता वाढतो आणि निरोगी ग्राहक खालच्या श्रेणीत उतरतात. जोखीम सर्वांत वाटली जाणे हे विम्याचे मूळ तत्त्व. येथे ती आजारी माणसांतच वाटली जाते.

एप्रिल २०१८ पासून मिळणारी एक सवलत मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. खालच्या श्रेणीत दोन महिन्यांचा प्रतीक्षाकाळ पूर्ण केलेल्या ग्राहकाला मानसिक उपचारांसाठी वरची श्रेणी घेऊन, पुन्हा न थांबता लाभ मिळवता येतो. पण ही संधी आयुष्यात एकदाच मिळते. मानसिक आजार आणि व्यसन मात्र उलटण्याची शक्यता असते.

मेडिकेअरचा आधारही तोकडा आहे. जीपीने उपचार आराखडा दिल्यावर मानसशास्त्रज्ञाच्या वर्षाला दहा वैयक्तिक सत्रांवर परतावा मिळतो. कोविडकाळात ही संख्या वीस होती. २०२२ अखेर ती पुन्हा दहावर आली. भारताशी परस्पर आरोग्यसेवेचा करार नसल्याने तात्पुरत्या व्हिसावरील भारतीयांना बहुधा तेवढेही मिळत नाही. त्यांचा सारा भरवसा व्हिसासाठी घेतलेल्या पॉलिसीवर. सार्वजनिक सेवेवर विसंबावे, तर जानेवारी २०२५ मध्ये न्यू साउथ वेल्समधील दोनशेच्या आसपास सरकारी मनोविकारतज्ज्ञांनी वेतनाच्या प्रश्नावर राजीनाम्याचे अस्त्र उगारले होते.

कायदा पुढे, पॉलिसी मागे

कायद्याच्या शब्दांत भारत या बाबतीत ऑस्ट्रेलियाच्या पुढे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम २१(४) सांगते की प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच आधारावर विमा द्यावा. तरीही कंपन्या टाळाटाळ करीत राहिल्या. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका विमाधारक महिलेच्या बाजूने निकाल देताना मानसिक आजारासाठी वेगळी, तुटपुंजी मर्यादा लावणे अमान्य केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये विमा नियामकाला पुन्हा सर्व कंपन्यांना बजावावे लागले.

व्यसनाच्या बाबतीत विसंगती अधिक ठळक आहे. दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था कायद्याच्या व्याख्येत ‘मानसिक आजार’ ठरतात. परंतु पॉलिसीतील वगळलेल्या बाबींच्या प्रमाणित यादीत बाराव्या क्रमांकावर व्यसनाचा उपचार आणि त्याचे परिणाम आहेत. संसदेने एका हाताने दिलेले नियमावली दुसऱ्या हाताने काढून घेते.

ही पोकळी महाराष्ट्रात समाजाने भरून काढली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले ते पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर. औदार्य वंदनीयच, पण उपचार हा हक्क असेल, तर तो दात्याच्या औदार्यावर सोडता येत नाही.

आक्षेप आणि उत्तर

विमा कंपन्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. उपचार दीर्घ चालतो, व्यसन पुन्हा उलटते आणि त्याची सुरुवात स्वेच्छेने होते, असा त्यांचा युक्तिवाद असतो. मात्र मधुमेहाचा उपचारही जन्मभर चालतो आणि धूम्रपान करणाऱ्याच्या हृदयविकाराचा दावा केवळ त्या सवयीमुळे सरसकट नाकारला जात नाही. मग हा निकष मनालाच का?

नुसता कायदा पुरत नाही, हा अमेरिकेचा धडा. तेथे २००८ मध्ये समानतेचा कायदा झाला, तरी पूर्वपरवानगीच्या अटी आणि अपुरे डॉक्टर यांच्या आडून उपचार नाकारले जात असल्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. त्या रोखण्यासाठी २०२४ मध्ये केलेल्या नव्या नियमांची अंमलबजावणी करणार नसल्याचे मे २०२५ मध्ये तेथील सरकारने जाहीर केले.

म्हणून मागणी नेमकी हवी. ऑस्ट्रेलियात हृदयाला ज्या श्रेणीत पूर्ण संरक्षण आहे, किमान त्या श्रेणीत मनालाही ते मिळावे, आणि श्रेणी बदलण्याची सवलत एका वेळेपुरती नसावी. भारतात वगळलेल्या बाबींची यादी कायद्यातील व्याख्येशी जुळवून घ्यावी. अनिवासी मराठी माणूस दोन्हीकडे हप्ता भरतो; त्यामुळे प्रश्न विचारण्याचा त्याचा अधिकारही दोन्हीकडचा आहे. पुढच्या नूतनीकरणापूर्वी दोन्ही पॉलिसींतील ती न वाचलेली ओळ वाचणे, ही त्याची सुरुवात ठरेल.