खुनी एकटा क्लॉडियस नव्हे!

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’वर पिढ्यानपिढ्या एकच खल चालला आहे: बापाच्या खुनाचा सूड उगवायला हा राजपुत्र इतका वेळ का लावतो? आमचा सवाल निराळा आहे. जाब एकट्या हॅम्लेटलाच का? एल्सिनोरच्या भरल्या दरबारात बाकीच्यांची तोंडे कोणी शिवली होती?

बागेत निजलेल्या सख्ख्या भावाच्या, म्हणजे हॅम्लेटच्या बापाच्या, कानात विष ओतून क्लॉडियस गादी बळकावतो, भावाचे दुःख ताजे असतानाच भावजयीशी लग्न लावतो आणि या कामी माना डोलावल्याबद्दल दरबाऱ्यांचे जाहीर आभार मानतो! खून त्यांना ठाऊक नसेल. लग्न तर ठाऊक होते? त्या दिवशी एकाही मानकऱ्याची मान ताठ राहिली नाही.

कोण हे मुत्सद्दी? मुलाला सचोटीचा उपदेश करून त्याच्याच मागे पॅरिसला हेर धाडणारा, पोटच्या पोरीला, ओफेलियाला, आमिष करणारा पोलोनियस! बाळमैत्री विकून पाळत ठेवणारे रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्न! थंडी म्हटले की थंडी, उकाडा म्हटले की उकाडा, असा ऑसरिक! राज्य सडल्याची घाण येते ती तटावरच्या पहारेकऱ्याला. ओफेलियाच्या दफनात बड्यांना वेगळा न्याय मिळाला, हे बोलतो तो कबर खोदणारा. मानाच्या गाद्यांवरची नाके मात्र चोंदलेली!

मुकुट आणि राणी हाती ठेवून क्षमा मिळत नाही, हे खुद्द क्लॉडियस गुडघे टेकून कबूल करतो. खुन्याला पाप कळते, होयबांना कळत नाही! हॅम्लेटचे हातही रक्ताने माखतात. पण या सडक्या दरबारात सत्याची विचारपूस करणारा तोच एक होता. अखेर राजघराणे बुडते आणि गादी नॉर्वेच्या फोर्टिन्ब्रासच्या हाती आयती पडते.

हे नाटक मराठीत आणले गोपाळ गणेश आगरकरांनी. कोल्हापूरच्या कारभाऱ्यावर ‘केसरी’त आलेल्या मजकुरापायी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढताना त्यांनी या कामाला हात घातला, १८८३ साली ‘विकारविलसित’ छापून निघाले. त्या लेखणीचा वारसा सांगणाऱ्यांनी हॅम्लेटच्या दिरंगाईवर पाने खरडणे आता पुरे करावे. विष क्लॉडियसने एकदाच ओतले. ते राज्यभर भिनवले मुजरे करणाऱ्या दरबाऱ्यांनी. आमच्या लेखी तेही खुनीच!