अनुभवपत्र आणि सत्याणुव्रत

गिरीजमधील एखादा तरुण कुशल कामगार म्हणून कॅनडात स्थायिक होण्यासाठी अर्ज करतो, तेव्हा पदवीचे मूल्यांकन व भाषापरीक्षेचा निकाल बाहेरच्या संस्था देतात. अनुभवपत्र मात्र पुष्कळदा घरच्याच पेढीचे असते. त्यात पद, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास व वेतन नमूद करावे लागते. विनावेतन काम तेथे अनुभव ठरत नाही. अशा वेळी मायेपोटी वडिलांची लेखणी घसरण्याचा संभव असतो. असत्य उघड झाल्यास ५ वर्षे प्रवेशबंदी होते. तत्त्वार्थसूत्राने ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, हा सत्याणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. म्हणून मुलगा पेढीवर बसेल त्या दिवसापासूनच त्याचे वेतन बँकेतून द्यावे व वहीत खर्ची टाकावे. पुढे तीच वही त्याची साक्ष देईल.