त्याच्या डब्यात काय?

दोस्तांनो,

मधल्या सुट्टीत डबा उघडला की तुमची नजर आधी कुठे जाते? स्वतःच्या डब्यात की शेजारच्याच्या? खरं सांगा हं!

माझी तरी शेजारीच जायची. सहावीत माझ्या बाकावरचा मुलगा डबा आणायचाच नाही, पैसे आणायचा. कधी वडापाव, कधी क्रीमरोल. माझ्या नशिबी मात्र पोळी आणि दोडक्याची भाजी! घरी जाऊन मी भुणभुण लावायचो, "त्याचे बघा किती लाड होतात!" वर्गात तर मी त्याचं नावच 'लाडोबा' ठेवून टाकलं होतं.

एक दिवस तो माझ्या डब्याकडे बघत म्हणाला, "अर्धी पोळी देतोस? आई आजारी आहे रे, तीन महिने झोपून आहे. बाबा पहाटेच कामाला जातात. डबा करायला कोणी नाही."

माझा घास हातातच राहिला. मी त्याच्या वडापावावर जळत होतो आणि तो माझ्या दोडक्यावर! त्या दिवसापासून आम्ही वाटून खाऊ लागलो. 'लाडोबा' म्हणायचं मी सोडलं, पण बाकीच्यांनी सोडलं नाही. एकदा ठेवलेलं नाव काही परत घेता येत नाही.

आपल्या घरातलं सगळं आपल्याला ठाऊक असतं, कटकटींसकट. दुसऱ्याच्या घराची फक्त खिडकी दिसते. मोबाइलवरचे सहलीचे फोटो म्हणजेही खिडकीच की! तेवढ्यावरून 'त्याची काय मजा आहे' किंवा 'ती शिष्टच आहे' असा निकाल आपण देऊन मोकळे होतो.

एक गंमत ऐका. १९९२ साली बार्सिलोनाला ऑलिंपिक झालं. तिथल्या पदकविजेत्यांचे चेहरे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी चित्रफितीवर तपासले. रौप्यपदकवाल्यांपेक्षा ब्राँझवाले जास्त खूश दिसत होते! असं कसं? दुसरा आलेला बघत होता पहिल्याकडे, 'अरेरे, सोनं हुकलं!' तिसरा बघत होता चौथ्याकडे, 'वाचलो, पदक तरी मिळालं!' म्हणजे आपण कितवे आलो यापेक्षा आपण बघतो कुणाकडे, यावर आनंद अवलंबून!

ब्राँझवरून आपले खाशाबा जाधव आठवले. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान. मातीतली कुस्ती खेळलेले खाशाबा १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरले आणि सहावे आले. पुढची चार वर्षं घाम गाळला. १९५२ साली हेलसिंकीला, त्याहून वरच्या वजनगटात, त्यांनी ब्राँझपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! सोन्याशी ताडून पाहिलं तर तिसरा नंबर. पण त्यांच्याच आधीच्या कामगिरीशी ताडलं तर सहाव्यावरून तिसरा! गावाकडे बैलगाड्यांची मिरवणूक निघाली ती काय उगीच?

तेव्हा तुलना करायचीच असेल तर अशी करा. गेल्या वर्षी न येणारं कोणतं गणित आज येतं? पोहताना किती हात मारता यायचे, आता किती? या तुलनेत दोन्ही बाजू आपल्याला पक्क्या ठाऊक असतात. खिडकीतून डोकवावं लागत नाही.

आणि आईबाबांनो, तुम्हालाही एक विनंती. निकालाच्या दिवशी "शेजारच्या चिंटूला किती पडले?" हा प्रश्न एकदाच, फक्त एकदाच, गिळून बघा.

मुलांनो, या आठवड्याचा अभ्यास सोपा आहे. वर्गात कुणाला तुम्ही नाव ठेवलं असेल, तर मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन बसा. डबा पुढे करा. आणि तो काय सांगतो ते ऐका.

तुमचा,
दादा