आगाऊ प्रवेशाची किंमत

2025 च्या मार्च महिन्यातील गोष्ट. बारावीची परीक्षा संपून आठवडाही लोटला नव्हता, तोच राधानगरी तालुक्यातील एक शेतकरी पालक भेटावयास आले. त्यांचा थोरला मुलगा आमचा विद्यार्थी. धाकट्या मुलीला एका खासगी विद्यापीठाने अभियांत्रिकीची जागा देऊ केली होती. आठ दिवसांत 50,000 रुपये भरले तर जागा पक्की, एरवी हमी नाही. उसाचे बिल नुकतेच खात्यावर जमा झाले होते. “सर, भरू का थांबू?” एवढाच त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न आज कोल्हापूर, सांगली, सातारा या भागातील असंख्य घरांत विचारला जात आहे. निकालाच्या कितीतरी आधी प्रवेश देण्याची प्रथा खासगी विद्यापीठांत रुजत चालली आहे. तिच्याकडे केवळ शिक्षणाच्या बाजारीकरणाचा आणखी एक नमुना म्हणून पाहून चालणार नाही. या बाजाराला गिऱ्हाईक कोण पुरवितो, हे पाहिले पाहिजे.

शासनाचे वेळापत्रक पाहावे. 2025 साली बारावीचा निकाल 5 मे रोजी लागला. अभियांत्रिकीच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा निकाल 16 जून रोजी जाहीर झाला. केंद्रीभूत प्रक्रियेतील जागावाटप सुरू होईपर्यंत जुलै संपत आला आणि पुढील फेऱ्या त्यानंतरही चालूच राहिल्या. म्हणजे मार्चमध्ये परीक्षा देऊन मोकळ्या झालेल्या मुलीने चार-पाच महिने अनिश्चिततेत काढावयाचे. अशा वेळी पालक जी रक्कम भरतो ती अर्थशास्त्राच्या भाषेत विम्याचा हप्ताच होय. त्याला मूर्ख ठरविणे सोपे आहे. परंतु त्याने विकत घेतलेली वस्तू म्हणजे निश्चिती, आणि ती देण्यास शासन असमर्थ ठरले आहे.

तथापि या विम्याची खरी किंमत भरलेल्या 50,000 रुपयांत दिसत नाही. जुलै 2024 मध्ये राज्य शासनाने वार्षिक 8 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ केले. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे. अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे तीतून वगळलेली आहेत. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशही वगळलेले आहेत. मार्चमध्ये जागा पक्की करणारे कुटुंब ती न सोडल्यास चार वर्षांच्या शुल्कमाफीवर पाणी सोडते, आणि बहुधा त्याला हे कोणी सांगितलेलेही नसते.

अमेरिकेत ही समस्या जुनी आहे. तेथील अनेक विद्यापीठे लवकर अर्ज करणाऱ्याला लवकर निर्णय कळवितात. मात्र काही ठिकाणी त्या बदल्यात प्रवेश मिळाल्यास तेथेच येण्याचे वचन घेतले जाते. ज्याला दोन-चार संस्थांच्या शिष्यवृत्त्या ताडून पाहावयाच्या आहेत, त्या गरीब विद्यार्थ्याला हे वचन परवडत नाही. हार्वर्डचा लवकर प्रवेश बंधनकारक नव्हता. तरीही सधनांनाच त्याचा अधिक लाभ होतो हे कारण देऊन हार्वर्डने, व पाठोपाठ प्रिन्स्टननेही, 2006 मध्ये ही पद्धत बंद करण्याचा निर्णय घेतला. पण इतर बहुतेक संस्थांनी त्यांचे अनुकरण केले नाही, आणि 2011 मध्ये दोघांनीही ती पुन्हा सुरू केली.

यातील धडा महत्त्वाचा आहे. शेजारचा थांबत नसेल तर एकट्याने थांबणे कोणत्याच संस्थेला परवडत नाही. रिकाम्या जागांची भीती आपल्याकडील संस्थांनाही आहेच. त्याच देशात 1940 च्या दशकात रुग्णालये नव्या डॉक्टरांना पदवीच्या जवळजवळ दोन वर्षे आधीच नेमून टाकू लागली होती. ही शर्यत उपदेशाने थांबली नाही. सर्वांना बांधणाऱ्या एका सामाईक वाटपपद्धतीने 1950 च्या दशकाच्या आरंभी ती आटोक्यात आली.

आपल्याकडे नियम नाहीत असे नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम मुदतीच्या किमान 15 दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास फार तर 5,000 रुपये कापून शुल्क परत करावे लागते. मुदत उलटून 30 दिवसांहून अधिक काळ गेल्यास मात्र काहीही मिळत नाही. गोम येथेच आहे. ही मुदत संस्थेनेच जाहीर करावयाची. ती मे महिन्यात संपविली की जुलैअखेर शासकीय जागा मिळालेल्या विद्यार्थ्याच्या हाती शून्य! 2024-25 साठी आयोगाने 30 सप्टेंबर ही तारीखच ठरवून त्या दिवसापर्यंत पूर्ण परतावा बंधनकारक केला. हा उपाय योग्य होता. तो वर्षावर्षाच्या परिपत्रकावर न सोडता कायम नियम व्हावा, आणि ही तारीख केंद्रीभूत प्रक्रियेच्या शेवटच्या फेरीनंतरची असावी. आगाऊ रक्कम घेताना कोणत्या शासकीय सवलती गमवाव्या लागतील हे पालकाला मराठीत लेखी देणे सक्तीचे करावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शासनाने आपली प्रक्रिया जूनअखेर पुरी करावी. निश्चिती वेळेवर मिळू लागली की ती विकण्याचा धंदा आपोआप मंदावेल.

त्या पालकांना मी थांबा म्हणालो. कशाच्या भरवशावर, या त्यांच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी पैसे भरले. ऑगस्टमध्ये मुलीला शासकीय प्रक्रियेतून शुल्कमाफीची जागा मिळाली, तेव्हा परताव्याची मुदत केव्हाच संपल्याचे त्यांना सांगण्यात आले. तोवर पहिल्या वर्षाचे उरलेले शुल्कही कर्ज काढून भरून झाले होते. मुलगी आहे तेथेच राहिली.

राज्याच्या शुल्क शिष्यवृत्ती योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. खेड्यातील मुलाला शहरात राहून शिकता यावे म्हणून त्यांनी 1901 पासून या नगरीत वसतिगृहे उभी केली. त्यांच्याच करवीरात केवळ सरकारी दिरंगाईमुळे एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीने ही सवलत गमवावी, हे आपल्याला शोभणारे नाही.