हिरव्या चिठ्ठीचा खर्च कोणाच्या माथी?



युरोपातल्या दुकानात टांगलेल्या सदऱ्याला यापुढे नुसती किमतीची चिठ्ठी पुरणार नाही. माल कशापासून, कुठे आणि कसा तयार झाला, त्याने जमीन-पाण्याचे काय केले, याची कुंडली मालासोबत द्यावी लागेल, असा कायदा युरोपीय संघाने २०२४ साली केला. कापडाचा नंबर त्यात पहिल्या काही मालांत आहे. म्हणजे मालेगाव, नांदगाव, येवल्याच्या कोरडवाहू रानापर्यंत ही चौकशी आज ना उद्या येणार.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. जमीन आणि पाणी राखायला आमचा विरोध नाही. औषधाचा फवारा पहिल्यांदा आमच्याच नाकातोंडात जातो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कापसाच्याच रानात. प्रश्न एवढाच, की राखणीचा खर्च कोणी भरायचा? गिऱ्हाईक पुण्य पदरात पाडणार, मधला व्यापारी चिठ्ठीवर नफा काढणार आणि खर्च मात्र कोरडवाहूवाल्याचा! आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, ती हीच.

हे आमच्या मनचे नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदारांना विचारा. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपात नाशिकची द्राक्षे अडकली. त्या औषधाचे नाव इथल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. बागेची नोंदणी होती, प्रयोगशाळेचा दाखला होता, सगळे कागद पुरे होते. यादी करणाऱ्यांची चूक आणि पैसे अडकले बागायतदाराचे. त्याच्याकडे निदान पुढच्या वर्षी बाग तरी उभी होती. आपले तर एक पाऊस चुकला की सगळेच आडवे.

आता आपल्या कापसाचे घ्या. केंद्राचा सेंद्रिय उत्पादनाचा कार्यक्रम २००१ सालापासून आहे. त्याच्या नियमाने रासायनिक खत-औषध सोडल्यावर दोन-तीन वर्षे रान संक्रमणात धरतात. त्या काळात उतारा घटतो, खुरपणीची मजुरी वाढते, शेणखत पुरत नाही आणि कापूस बहुधा साध्याच भावाने जातो. बियाण्याचे हाल निराळेच. सेंद्रियात बीटी चालत नाही आणि देशातल्या ९० टक्क्यांहून अधिक कापूस रानावर बीटीच उभे आहे. एवढे करून दाखला मिळतो तो गटाला. गट चालवणारी बहुतेक ठिकाणी कंपनी, नाही तर एखादी संस्था. गटाबाहेर माल घातला की तो पुन्हा साधा कापूस. १९७२ पासूनची एकाधिकार खरेदी ज्यांनी भोगली त्यांना हे उलगडून सांगायला नको. तेव्हा हद्दीवर सरकारचे नाके होते, आता कागद आहे.

आणि तो कागद तरी किती खरा? २०२० साली सेंद्रिय कापडाचे जागतिक मानक सांभाळणाऱ्या गॉट्स या संस्थेनेच जाहीर केले, की भारतातला २०,००० टन कापूस खोट्या दाखल्यांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेला. ११ कंपन्यांवर बंदी आली. हा कापूस पिकवणाऱ्यांना एकही खुरपणी करावी लागली नाही!

ज्वारीचे तर कोणी नावच काढत नाही. बिनखताचा कापूस घ्यायचा तर फेरपालट हवी, मध्ये तुरीच्या ओळी हव्यात. हे आम्हाला कोणी साहेबाने येऊन शिकवायला नको, आमचे आजे हेच करीत. ज्वारीच्या कडब्यावर बैल जगतो, बैलामागे शेणखत येते आणि शेणखतावर कापूस उभा राहतो. हिरव्या कापसाचा निम्मा भार ज्वारी उचलते. खरेदीदार मात्र कापूस नेतो आणि ज्वारी बाजार समितीत पडेल त्या भावाने विका म्हणतो. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरे झाले. कडब्याचा हिशेब त्यात कोणी धरला?

आता हिशेबच मांडू. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. एका साध्या टी-शर्टला, वाया जाणारे धरून, पाव किलो रुई धरली तर १३६ नग होतात. नगामागे फक्त ५ रुपये शेतकऱ्यापर्यंत पोचले तर क्विंटलला ६८० रुपये होतात. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे दुकानात ज्या ५ रुपयांचा पत्ताही लागणार नाही, त्यात आमचा भाव आठ टक्क्यांनी चढतो. संक्रमणाची सगळी तूट एवढ्याने भरणार नाही, हेही खरे. पण हिरवा माल परवडत नाही, हे रडगाणे आम्ही मुकाट ऐकून घेणार नाही.

आमच्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, या भानगडीत पडूच नये. आम्हाला ते पटत नाही. कृषी केंद्राची उधारी कमी झाली तर फायदा आपलाच आहे. पण अंगठा उठवण्याआधी अटी आपल्या असाव्यात. संक्रमणाच्या वर्षांची तूट खरेदीदाराने पेरणीपूर्वी लेखी कबूल करावी. दाखला शेतकऱ्यांच्या स्वतःच्या गटाच्या नावे असावा आणि माल कोणालाही घालायची मोकळीक असावी. फेरपालटीची ज्वारी आणि तूरही त्यानेच वाढीव भावाने उचलावी. या तीन अटींचा ठराव जिल्हा बैठकीत मांडणार आहोत.

अशा एखाद्या गटात ज्यांनी सही केली आहे, त्यांनी बैठकीला येताना कराराची प्रत आणि गेल्या तीन हंगामांच्या कापूसपट्ट्या बरोबर आणाव्यात. कराराची प्रत हाती दिलीच नसेल, तर तसे बैठकीत उभे राहून सांगावे.