मागच्या रांगेलाही उजेड हवा



दिवाळीला घरात माणसं जमतात. तीन-चार दिवस कसे जातात कळत नाही. परतीच्या बॅगा भरायच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी म्हणतं, "अरे, एक ग्रुप फोटो राहिला की!" मग सगळे घाईघाईनं हॉलमध्ये उभे राहतात, फ्लॅश चमकतो, फोटो व्हॉट्सॲपवर जातो आणि काम झालं असं सगळ्यांना वाटतं. मला मात्र आता तसं वाटत नाही.

आमच्या थोरल्या जाऊबाई गेल्या, तेव्हा हार घालायला फोटो हवा होता. पुतण्या आणि मी अल्बम घेऊन बसलो. चाळीस वर्षं त्या या घरात वावरल्या, पण त्यांचा चेहरा नीट दिसेल असा एक फोटो सापडेना. दरवर्षीचा ग्रुप फोटो होता. पुढे खुर्चीवर सासूबाई-मामंजी पांढरेफटक, मांडीवरची पोरं डोळे मिटलेली आणि मागे भिंतीला टेकून आम्ही सुना, अर्ध्या अंधारात. जाऊबाईंच्या तोंडावर नेमकी भाऊजींच्या डोक्याची सावली. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. तो पाहिला की अजून पोटात कालवतं.

दोष कुणा एकाचा नव्हता. दोष सरळ समोरून मारलेल्या फ्लॅशचा होता. मी कॉमर्सची. हिशेब मांडल्याशिवाय मला काही पटत नाही, म्हणून पुतण्याकडून समजून घेतलं. दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. पुढची रांग कॅमेऱ्यापासून ५ फुटांवर आणि मागची १० फुटांवर असली, तर पुढच्यांना सोळा आणे उजेड मिळतो तेव्हा मागच्यांच्या वाट्याला चारच आणे येतात. आणि मागच्या रांगेत कोण असतं? पोळ्यांचा शेवटचा घाणा उतरवून, पदराला हात पुसत आलेली बाई.

उपाय अवघड नाही. कॅमेऱ्यावर वेगळा बसवायचा, मान वळणारा फ्लॅश मिळतो. त्याचं तोंड माणसांकडे न करता पांढऱ्या छताकडे करायचं. उजेड आधी छतावर पसरतो आणि तिथून सगळ्यांवर उतरतो. छताचा मोठा भागच जणू दिवा होतो. मागच्यांना चाराऐवजी आठ आणे तरी मिळतात, भिंती पांढऱ्या असतील तर आणखी. भिंतीवरच्या काळ्या कडक सावल्या मऊ होतात, चष्म्यांच्या काचा चमकत नाहीत, डोळे लाल येत नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत एकदम झगझगीत उजेड जात नाही, हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

काही गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. छत रंगीत असेल तर तो रंग चेहऱ्यांवर उतरतो. पोपटी छताखाली सगळं घर आजारी दिसतं. जुन्या घरातल्या लाकडी तक्तपोशीचा उपयोग नाही, ती उजेड पिऊन टाकते. तिथे जवळच्या पांढऱ्या भिंतीवर उजेड मारावा, किंवा दोघांनी पांढरी चादर ताणून धरावी. छत फार उंच असेल तर उजेड पुरत नाही. फ्लॅशचं तोंड अगदी पुढच्यांच्या डोक्यावर रोखलं तर डोळ्यांखाली खड्डे दिसतात, म्हणून फ्लॅशच्या मागे एक पांढरा कार्ड रबरबँडनं उभा लावावा. त्यावरून थोडा उजेड समोर जातो. छतावरून येताना उजेड खर्च होतो, त्यामुळे आयएसओ ८००च्या आसपास ठेवावा. दोन-तीन रांगा असतील तर ॲपर्चर एफ ५.६ ते ८ आणि शटर १/१२५ सेकंद पुरतं. एका फोटोवर थांबू नये. वीस माणसांत कुणाचे तरी डोळे मिटतातच. आठ-दहा फोटो काढावेत आणि दर वेळी फ्लॅश पुन्हा भरायला काही सेकंद द्यावेत.

काही जणी म्हणतील, "एवढा खटाटोप कशाला? मोबाईल आहे ना!" मोबाईलचा दिवा छतावरून परत येण्याइतका जोरकस नसतो. मोबाईलवरच काढायचा तर तो दिवा बंद ठेवून दिवसा, खिडकीकडे तोंड करून काढावा. तो फोटो उत्तमच येतो. पण आपल्या घरी दिवसा सगळे एकत्र सापडतात कुठे? सकाळ मंदिरात आणि स्वयंपाकात जाते. सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची असतात. बायकांचे हात मोकळे होतात तेच मुळी अंधार पडल्यावर.

दुसरी शंका मलाही आली होती. घरात आणखी एक वस्तू आणून परिग्रह कशाला वाढवायचा? मग वाटलं, प्रत्येक घराला फ्लॅश लागतो कुठे? भावकीत कुणाकडे तरी असतोच. वर्षातून एका संध्याकाळी मागून आणावा आणि परत करावा. आम्ही तेच करतो.

आणि फोटो काढणारीनं बाहेर राहू नये. कॅमेरा स्टँडवर लावावा, १० सेकंदांचा टायमर लावावा आणि पदर सारखा करून रांगेत यावं. मागची रांग भिंतीला चिकटू देऊ नये, पुढच्यांच्या जवळ ओढून घ्यावी. म्हणजे अंतर कमी होतं, हिशेबही सुधारतो.

गेल्या दिवाळीला आम्ही असा फोटो काढला. अर्धा तास गेला, पोरं कंटाळली, भाऊजी दोनदा उठून गेले. पण आमच्या सुनेचा, पुतणसुनेचा, पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींचाही चेहरा स्वच्छ आला आहे. सुनेनं फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "आई, मी दिसतेय!"

जाऊबाईंना हे म्हणता आलं नाही. यंदा तुमच्या घरचा फोटो काढताना तेवढं छताकडे बघा.